नावाडणीची हाळी

त्या वर्षी नदीने हात आखडता घेतला. उन्हाळा अर्धा सरला नाही तोच पाणी दोन धारांत वाटलं गेलं आणि मधोमध वाळूचा लांबरुंद पट्टा उघडा पडला. दोन्ही धारा पायी उतरण्याजोग्या नव्हत्या. तळाशी गाळ होता आणि गाळात माणूस मांडीपर्यंत रुतायचा. म्हणजे नाव हवीच, आणि नाव तर एकच. उतारू घेऊन अलीकडची धार ओलांडायची, सगळ्यांना वाळूवर उतरवायचं, नाव दोराने ओढत पट्ट्यापलीकडे न्यायची, दुसऱ्या धारेत सोडायची आणि उतारूंना परत बसवायचं. येताना हेच उलटं. उतारू वाळूवर हाताची घडी घालून बघत राहायचे आणि वर नावाड्यालाच विचारायचे, "आज एवढा उशीर का?"

दोराला घरचीच चार माणसं. नावाडी, त्याची बायको, मुलगा आणि सून. पावसाळाही कोरडाच गेला. सुनेचं पोट दिसायला लागल्यावर तिला दोरावरून काढलं आणि नावेत झिरपणारं पाणी उपसायला पत्र्याचा डबा तिच्या हातात दिला. तिच्या जागी नावाड्याची थोरली भावजय यायला लागली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घर शेजारीच. सगळे तिला थोरलीच म्हणायचे. म्हणायला ही मदत होती. खरं तर थोरली दोर नुसता हातात धरायची आणि चालवायची ते तोंड.

हाळी नावाडणीची असायची. नावाडी मुळात शब्द गिळणारा माणूस. त्याने दिलेली हाळी त्याच्याच कानापर्यंत पोचली असती की नाही शंका होती. नावाडीण दोराच्या टोकाला उभी राहून "हांऽऽ" असा सूर धरायची आणि मग "ओढ!" म्हणायची. त्या "ओढ"ला सगळ्यांच्या पाठी एकदम वाकायच्या. कुणाला विचार करावा लागत नसे, अंगच ऐकायचं. पट्ट्याच्या पलीकडे मात्र एकदम उतार होता. तिथे नाव हातची सुटली तर नाक तळात आपटून फळ्या निखळल्या असत्या. म्हणून तिथे सगळे मागे झुकून दोराला लोंबकळायचे आणि हाळी बदलायची. "धरूऽन... धरूऽन..." नाव आपल्याच वजनाने हळूहळू खाली सरकायची आणि पाण्याला टेकायची.

नावाडणीला या कामाचा कधी कंटाळा आला नव्हता. त्याचं कारण तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. मुलाच्या वेळी ती मागपर्यंत फाटली होती. पहिलंच बाळंतपण, तेही घरात, थोरलीच्या हाताखाली. कुणी टाका घातला नाही की नीट बघितलंही नाही. बरेच दिवस आडवं ठेवलं, मग उठवून कामाला लावलं. जे फाटलं ते आपल्या मनाने जुळायचं तसं वेडंवाकडं जुळलं. तेव्हापासून तिला धरवत नव्हतं. वारा तर नाहीच, पण पोट बिघडलं, जड ओढलं, ठसका लागला की बाकीचंही नाही. लग्नात ती जात नसे, बाजारात चारचौघींत बसत नसे, हसायची वेळ आली तर आधी मांड्या आवळून घेत असे. लोक तिला शिष्ट म्हणायचे. शिष्ट म्हणवून घेणं तिला परवडत होतं.

नदीत मात्र ती बिनघोर असायची. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून नाव धरायची, ढकलायची, बांधायची. सगळंच अंग ओलं, त्यात वेगळं काय झालं ते कोण बघणार? झालंच तर वाहतं पाणी धुऊन न्यायचं. आणि आता हीच बाई दिवसभर कोरड्या वाळूवर उभी होती. दुष्काळाने लोकांचं काय काय नेलं असेल ते असो, तिचं झाकण नेलं.

एका दुपारी नाव पट्ट्यावर अडकली. एक सुतार आपली हत्यारांची पेटी घेऊन आला होता, बरोबर कोंबड्यांच्या पाट्या घेतलेल्या दोन बायका होत्या. सगळे उतरून उभे राहिले. "हांऽऽ ओढ!" नाव हलली नाही. "हांऽऽ ओढ!" नावाडणीने स्वतः टाचा रोवून हिसका दिला आणि त्याच क्षणी तिला कळलं. गरम ओघळ मांडीच्या आतून खाली आला. तिने दोर सोडला नाही. सोडून जाणार कुठे? आडोसा म्हणावा असं तिथे काही नव्हतं. वाळू, ऊन आणि बघणारी माणसं.

कोंबडीवाल्या बायकांपैकी एकीने नाक वर केलं. "कसला गं वास? मेलंबिलंय का काही?"

"नदी आटली की मासे मरायचेच," थोरली लगेच म्हणाली. "तुझ्या कोंबड्या काय अत्तर लावून आल्यात का?"

सुतार हसला. नावाडणीचे कान तापले. कपड्यावर डाग दिसत असणार, मागे वळावं तर माणसं, पुढे वळावं तर माणसं. तेवढ्यात सून नावेतून उपसलेल्या पाण्याने भरलेला डबा घेऊन तुरुतुरु आली, वाळूत अडखळली, आणि सगळा डबा सासूच्या कमरेवर रिता झाला.

"आंधळी आहेस का गं!" नावाडीण ओरडली.

"दिसलंच नाही, आई," सून म्हणाली. ती परत नावेकडे गेली, दुसरा डबा भरून आणला आणि म्हणाली, "वाळू चिकटली तुम्हाला, थांबा, धुते." दुसराही डबा तिने ओतला. उतारू खो खो हसले. मुलगा बायकोला म्हणाला, "पोट वाढलं तसं तुझं डोकं कमी व्हायला लागलंय." नावाडीण चिंब उभी होती. सुनेने मान वर केली नाही, आणि तेव्हा नावाडणीला समजलं की ही पोरगी अडखळली वगैरे काही नव्हती.

संध्याकाळी दोघी धारेच्या कडेला कपडे धुवायला बसल्या. म्हणजे सून बसली. नावाडीण नेहमीसारखी गुडघाभर पाण्यात उभी होती.

"तुला कधीपासून माहिती आहे?" तिने विचारलं.

"आल्यापासून. फडकी वाळत घालता तुम्ही, घराच्या मागे. इतकी फडकी कशाला लागतात?"

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही नाही बोललात, मग मी कशी बोलणार?"

नावाडणीने एक कपडा पिळला, पुन्हा पाण्यात घातला, पुन्हा पिळला. मग तिने पाठ करूनच सगळं सांगितलं. मुलाचं डोकं मोठं होतं, सगळे ओरडत होते, आपण जीव खाऊन जोर लावला, काहीतरी टरकन गेलं. ऐकता ऐकता सुनेचे हात कपड्यांवरून पोटावर आले.

"आई, मलाही असं होईल का?"

नावाडणीला पटकन नाही म्हणता आलं असतं. बायका म्हणतातच. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण नाही होऊ द्यायचं." ते म्हणताना तिचा आवाज हाळीसारखा मोठा झाला आणि ती स्वतःच दचकली. मुलगा होवो, मुलगी होवो, गोरं होवो, काळं होवो, तिला त्या दिवसापासून एवढी एकच गोष्ट हवी होती. आपलं झालं ते हिचं होता कामा नये.

दवाखाना पलीकडच्या काठावर होता. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत लांब बाक. नर्सबाई अंगाने जाड, पाय सुजलेले. चपला टेबलाखाली काढून ती अनवाणी बसायची आणि प्रत्येक बाईशी बोलताना आधी एक उसासा टाकायची. सुनेला तपासून झाल्यावर तिने उसासा टाकला आणि म्हणाली, "बाळ नीट आहे. मुलगा की मुलगी ते मी सांगत नाही."

"ते नाही विचारायचं," नावाडीण म्हणाली. "फाटू नये म्हणून काही करता येतं का?"

नर्सबाईने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "हे कुणी विचारत नाही," ती म्हणाली. "फाटल्यावर येतात."

मग तिने सांगितलं. पहिलटकरीण थोडीफार फाटतेच बऱ्याचदा. वरवरचं असलं तर आपलं आपण भरून येतं, नाहीतर टाके घालायचे. मागपर्यंत जाऊ नये ते बघायचं. हमी कुणी देऊ शकत नाही, देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. शेवटच्या महिन्यात त्या जागेला तेल लावायचं. नखं कापायची, हात साबणाने धुवायचे, अंगठा थोडा आत घालून खाली आणि बाजूला हळू ताणायचं. ताण जाणवला पाहिजे, दुखता कामा नये. पाच मिनिटं पुरेत, रोज नाही केलं तरी चालेल. रक्त दिसलं, पाणी गेलं, आग होऊ लागली तर बंद करून इकडे यायचं.

"कुठलं तेल?" नावाडणीने विचारलं.

"स्वयंपाकातलं, स्वच्छ. नावेच्या फळ्यांना चोपडता ते नव्हे हां." नर्सबाई स्वतःच्याच विनोदावर जराशी हसली आणि लगेच दमली. "आणि घरी करू नका. कळा लागल्या की इकडे आणा. डोकं दिसायला लागलं की सगळ्यांना घाई सुटते. बाळाला नसते, बाळंतिणीला नसते, बघणाऱ्यांना असते. तेव्हाच तर सावकाश यायचं असतं. मी खालून हात धरते, गरम पाण्याची घडी ठेवते. पण तिने एकदम जोर लावला तर माझा हात कुठे पुरणार?"

सुनेला ते तेलाचं काम काही सोपं गेलं नाही. पोटापलीकडे हात पोचेना. पहिल्या दिवशी ती घामाघूम होऊन रडायला लागली. "आई, तुम्हीच करा," ती दाराआडून म्हणाली. नावाडीण आत आली आणि तिने आपले हात पुढे धरले. दोराने तळवे सोलून घट्टे पडलेले, बोटांच्या पेरांवर भेगा, अंगठ्याची कड तर खरवडणारी. दोघींनी त्या हातांकडे बघितलं आणि सून रडता रडता हसली.

"नको, राहू द्या," ती म्हणाली. "माझी मीच करते."

शेवटी तिने पाणी उपसायचा डबा उपडा घातला, एक पाय त्यावर ठेवला, पाठ भिंतीला टेकवली आणि मागच्या बाजूने हात नेऊन बघितला. जमलं. नावाडीण दाराबाहेर पाठ लावून बसायची. दिवसभराच्या ओढाओढीने तिचे खांदे ठणकत असायचे आणि बसल्या बसल्या डोळा लागायचा. मुलगा यायचा. "आत काय चाललंय?"

"तुझ्या कामाचं नाही."

"माझी बायको आहे आत."

"मग तिच्या पोटातलं तू बाहेर काढणार आहेस का? जा, दोर वाळत घाल."

नावाडी एकदा जेवताना म्हणाला, "तेल लवकर संपतंय या महिन्यात." त्याने एवढे शब्द खर्च केले हेच खूप होतं.

थोरलीला मात्र सुगावा लागला. "पोर काय तेलावरून घसरत येणार आहे?" ती दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "दवाखान्याची नसती थेरं. जोर लावला की होतं. जोर नाही लावला की पोर आत गुदमरतं. या हातांनी मी किती सोडवली, मोज."

नावाडणीच्या ओठावर आलं होतं की त्यात मीही होते. पण थोरली मोठी. मोठ्या जावेला कसं बोलायचं, आणि तेही असल्या गोष्टीवरून? तिने दोराचं दुसरं टोक उचललं. "जाऊबाई, सकाळी लवकर या," एवढंच ती म्हणाली.

कळा लागल्या त्या पहाटे फटफटताना. अलीकडच्या धारेत नाव घातली तेव्हा सून काठ घट्ट धरून गप्प बसली होती. पट्ट्यावर सगळे उतरले, ती एकटी नावेत राहिली, कारण तिला उभं राहवत नव्हतं. चौघांनी दोर खांद्यावर घेतला. "हांऽऽ ओढ!" नाव जड झाली होती. नावाडणीला आपला ओघळ कळला, तिने तिकडे लक्ष दिलं नाही. नावेत बसलेल्या सुनेचे खांदेही प्रत्येक "ओढ"ला आवळले जात होते, पण सगळ्यांची तिच्याकडे पाठ होती. उतारावर नाव धरून धरून सोडली आणि ऊन चढायच्या आत ते पलीकडे पोचले. नावाडणीने दवाखान्यात शिरायच्या आधी धारेत बुडी मारली. मुलगा म्हणाला, "आई, ही काय अंघोळीची वेळ?" ती म्हणाली, "दवाखान्यात स्वच्छ जायचं असतं."

नर्सबाईने आत एकीलाच येऊ दिलं. थोरली पडवीतल्या बाकावर बसली, नावाडी आणि मुलगा उतारूंसाठी नावेकडे परत गेले; आज दोराला उतारूंनाच लावावं लागणार होतं. उतारू काय, कुणाच्या बाळंतपणासाठी थांबतात थोडेच.

सकाळ गेली, दुपार झाली. खोलीत पंखा होता, पण तो वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करत होता. सून कधी उभी राहायची, कधी खाटेला धरून वाकायची, कधी ओणवी व्हायची. नर्सबाई तिला हवं ते करू द्यायची, मधून मधून बाळाचे ठोके ऐकायची आणि पुन्हा भिंतीला टेकून पाय सैल सोडायची. अखेर तिने हात धुतले आणि सुनेला कुशीवर निजवलं, वरचा पाय उचलून नावाडणीच्या खांद्यावर दिला.

"शेजारच्या शेगडीवर पाणी तापलंय का बघा. फडकं बुडवा, पिळा, मला द्या."

नावाडणीच्या हातांना गरम लागतच नव्हतं. नर्सबाई प्रत्येक घडी आधी आपल्या मनगटावर टेकवून बघायची. "तुम्हाला कळत नाही, तिला भाजेल. जरा निवू द्या." मग ती घडी खाली ठेवायची आणि वरून हात धरायची. सुनेचा आवळलेला चेहरा थोडा सैल व्हायचा. घडी निवली की दुसरी. पाणी, पिळणं, देणं. नावाडणीची पाठ मोडून आली होती, खांद्यावरचा पाय थरथरत होता.

डोकं दिसायला लागलं. कळ आली की काळे केस दिसायचे, कळ गेली की आत जायचे. पुन्हा दिसायचे, पुन्हा जायचे.

"असंच पाहिजे," नर्सबाई म्हणाली. "जागा करतंय ते."

पण सुनेचं अवसान गेलं. "नाही जमत, आई," ती पुटपुटली. तिची मान उशीवर कलंडली, मुठी उघड्या पडल्या. नावाडणीने तिच्याकडे बघितलं आणि तिला दिसला सैल पडलेला दोर. नाव पट्ट्यावर अडकलीय, माणसं दमलीत, आता एकच हिसका हवा. पुढची कळ आली आणि तिच्या तोंडून ते गेलं, तिला कळायच्या आधी गेलं.

"हांऽऽ ओढ!"

सुनेची पाठ वाकली. दोरावर असताना कितीतरी महिने याच आवाजाला वाकलेली पाठ होती ती. हनुवटी छातीला लागली, दात आवळले, चेहरा लालबुंद झाला.

"कोण ओरडलं ते? थांब! थांब गं, जोर नको! तोंड उघड, फुंकर मार!" नर्सबाईने दोन्ही हात खाली दाबून धरले. सुनेला ऐकूच येत नव्हतं. कळ ओसरली तेव्हा नर्सबाईच्या बोटांना थोडं रक्त होतं.

"आणखी एक अशी हाळी दिलीत तर ती जाईल मागपर्यंत," ती नावाडणीला म्हणाली. "व्हा बाहेर."

नावाडीण पांढरीफटक पडली. एवढे दिवस राखलं, आणि आपणच आपल्या तोंडाने! तिने खांद्यावरचा पाय उतरवायला हात लावला, तर सुनेने तिचं मनगट पकडलं आणि सोडेना.

"राहू द्या त्यांना," सून म्हणाली. "राहू द्या."

पुढची कळ तिच्या कमरेत चढायला लागली होती. नर्सबाईने एकदा दाराकडे आणि एकदा त्या मनगटाकडे बघितलं. "मग तुम्हीच थांबवा तिला. माझं ऐकत नाही ती, तुमचं ऐकते. जोर नको, नुसता श्वास. बोला लवकर!"

बोला म्हणे. काय बोलायचं? नुसतं थांब म्हटल्याने पोरीचं अंग थांबणार होतं का? पोर तर आपल्याच वजनाने खाली येत होतं. नावाडीण सुनेच्या कानाशी वाकली आणि तिच्या घशातून निघाली ती उताराची हाळी, पण हळू, कुजबुजल्यासारखी.

"धरूऽन... धरूऽन गं... धरूऽन..."

सुनेचे डोळे उघडले. जबडा सैल झाला. ती तोंडाने भराभर श्वास टाकायला लागली.

"हां, असंच," नर्सबाई म्हणाली. "म्हणत राहा."

"धरूऽन... येऊ दे त्याचं ते... धरूऽन..."

नर्सबाईचा एक हात डोक्यावर, दुसरा खालून, गरम घडीसकट. कपाळ आलं आणि थांबलं. मग भुवया. मग नाक. इतकं सावकाश, की नावाडणीला वाटलं आपलाच श्वास संपेल. हनुवटी सुटली तेव्हा सुनेने मोठ्याने हंबरडा फोडला, पण जोर केला नाही. "खांदेसुद्धा असेच," नर्सबाई म्हणाली. खांदेही तसेच आले. आणि मग सगळं एकदम, ओलंचिंब, निसरडं, नर्सबाईच्या हातात आलं आणि रडलं.

नावाडणीने तिकडे बघितलं नाही. ती नर्सबाईच्या तोंडाकडे बघत होती. वार पडली, नर्सबाईने दिवा जवळ ओढला, नीट बघितलं, मग नवा हातमोजा घालून मागूनही बोट घालून तपासलं. सावकाश तपासलं. नावाडणीच्या वेळी हे कुणी केलं नव्हतं.

"जरासं फाटलंय," ती म्हणाली. "वरवरचं आहे. दोन टाके घालते. मागचं सगळं शाबूत आहे."

"ते फाटलं ते माझ्या हाळीने?"

"असेल, नसेल. तशीही फाटली असती कदाचित. जा, जरा वारा खा. तुमचाच चेहरा बाळंतिणीसारखा झालाय."

पडवीत उन्हं कलली होती. थोरली बाकावरून उठून उभी राहिली. "काय झालं?"

"नाही फाटली," नावाडीण म्हणाली. "शाबूत आहे."

"अगं, मुलगा की मुलगी?"

नावाडणीने आठवून बघितलं. "बघितलंच नाही."

"कमाल झाली! आजी झालीस आणि बघितलं नाहीस?"

नावाडीण बाकावर बसली. तिला वाटलं होतं की आपल्याला आनंद होईल, आणि झालाही. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काही वर आलं. तिला सुनेचा हेवा वाटला. नुसता हेवा. ही पोरगी उद्या उठून चालेल, पुढच्या लग्नात मधोमध बसेल, पोटभर हसेल. एक दिवा, एक घडी, कुणाचा तरी एक सावकाश हात, एवढंच लागलं होतं त्याला. एवढंच? आणि आपण इतकी वर्षं नदीत उभ्या राहिलो. तिला रडू फुटलं, आणि रडता रडता राग आला, आणि राग तोंडातून बाहेर पडला.

"जाऊबाई, माझ्या वेळी तुम्ही होता. पोटावर रेटा दिलात माझ्या. जोर लाव, जोर लाव म्हणून ओरडत होता. माझं सगळं फाटलं, जाऊबाई. मला अजून धरवत नाही. कुणी बघितलं नाही. तुम्ही बघितलं नाही."

थोरलीने समोरच्या वाटेकडे बघितलं, मग पायांकडे.

"मला जसं केलं तसंच तुझं केलं," ती म्हणाली. "मला दुसरं कुठे येत होतं?"

"जसं केलं म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? लग्नात मी तरी कुठे जाते? नवरा गेला म्हणून हिचं मन लागत नाही, असं म्हणतात सगळे. म्हणेनात का. तो असतानाही जात नव्हते, ते कुणाच्या लक्षात आलंय?"

नावाडणीचं रडू जागच्या जागी थांबलं. एका घरात नांदलेल्या, एका दोराला लागलेल्या दोघी, आणि एकमेकींपासूनच लपवत होत्या. राग धरून ठेवावा असं तिला फार वाटत होतं, पण तो हातात राहीना. राहिला तो नुसता थकवा, आणि तो दोघींचा सारखाच होता.

नर्सबाई हात पुसत दारात आली. "बाळंतीण बोलावतेय. मुलगी आहे, बघून घ्या एकदा. मी जेवायला बसते, सकाळपासून पोटात काही नाही. का आणखी कुणाला काही दाखवायचंय?"

नावाडणीने थोरलीला कोपराने ढोसलं. थोरलीने तिला ढोसलं.

"तू जा."

"तुम्ही मोठ्या."

"मोठी म्हणून काय झालं? सून तुझी, ओळख तुझी."

"काय ते मोठ्याने बोला," नर्सबाई म्हणाली.

"आम्हा दोघींचं बघायचंय," नावाडीण म्हणाली. "आमचं पण फाटलंय. बाळंतपणात. जुनं आहे."

नर्सबाईने तो नेहमीचा उसासा टाकला, आत जाऊन जेवणाच्या डब्याचं झाकण परत लावलं आणि टेबलाखालच्या चपला पायात घातल्या.

"बघते. माझ्याने होणार नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. पण बघते. कुणाचं जास्त जुनं?"

"माझं," थोरली म्हणाली, आणि नावाडणीच्या पुढे होऊन आत गेली.